क्रमवारीतलं बंगळुरू, सरासरीआडचं कर्नाटक

4 मार्च 2021 रोजी केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयानं शहरांच्या दोन याद्या एकाच वेळी जाहीर केल्या. कोणतं शहर राहायला किती सुसह्य, हे पहिली यादी सांगत होती. कोणती महापालिका किती कार्यक्षम, हे दुसरी. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांमध्ये पहिल्या यादीत बंगळुरू अव्वल आलं. दुसऱ्या यादीत बंगळुरूची महापालिका 31 वी होती. म्हणजे देशातलं राहायला सर्वांत चांगलं मोठं शहर जी महापालिका चालवत होती, तिला पहिल्या तिसांतही जागा नव्हती.

याच मंत्रालयानं 2018 मध्ये 111 शहरांची अशीच यादी काढली होती. तीत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी आणि बंगळुरू 58 वं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बंगळुरूतल्याच ‘जनाग्रह’ या संस्थेनं 23 शहरांच्या कारभाराची पाहणी प्रसिद्ध केली. तिथेही पुणे पहिलं होतं आणि बंगळुरू तळाला, दहापैकी तीन गुण घेऊन. तीन वर्षांत तळापासून शिखरापर्यंत जायला शहरात असं काय घडलं होतं? सिल्क बोर्ड चौकातली कोंडी तर सुटली नव्हती. उलट टॉमटॉम कंपनीच्या 2019 च्या जागतिक यादीत वाहतूक कोंडीसाठी बंगळुरूचा क्रमांक जगात पहिला होता. शहर साधारण तेच होतं. बदललं होतं मोजमाप.

देशाचे, राज्यांचे, जिल्ह्यांचे आणि शहरांचे निर्देशांक आता इतके झाले आहेत की महिन्याला एखादी क्रमवारी वर्तमानपत्रात येतेच. शाश्वत विकासाची एक, नवोन्मेषाची दुसरी, उद्योगस्नेहाची तिसरी. जो मंत्री पहिला येतो तो फलक लावतो, जो शेवटी येतो तो पद्धतीवर आक्षेप घेतो. ही मोजणी नेमकी कशी होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. बंगळुरू आणि त्याच्या मागचं कर्नाटक हे समजून घ्यायला फार सोयीचं उदाहरण आहे. अतिशय श्रीमंत शहर आणि अतिशय मागास तालुके या राज्यात शेजारी-शेजारी राहतात, आणि ही दरी मोजण्याचा एक गंभीर प्रयत्नही इथेच झाला आहे.

निर्देशांक तयार करण्याची रीत साधी आहे. आधी निकष निवडायचे: दरडोई उत्पन्न, नळाचं पाणी, शाळागळती, बालमृत्यू, हवेतली धूळ. प्रत्येकाचं एकक वेगळं, म्हणून सगळ्यांना 0 ते 100 च्या एकाच पट्टीवर आणायचं. मग प्रत्येक निकषाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवायचं. याला भार म्हणतात. शेवटी गुणाकार, बेरीज आणि क्रमवारी. बेरीज संगणक करतो. निकष आणि भार माणसं ठरवतात, आणि सगळा खेळ तिथेच असतो.

2021 च्या यादीत निकषांचे चार गट, म्हणजे खांब होते. जीवनाच्या दर्जाला 35 टक्के, नागरिकांच्या मताला 30, शाश्वततेला 20 आणि आर्थिक क्षमतेला 15. बंगळुरूला एकूण 66.70 गुण मिळाले, दुसऱ्या आलेल्या पुण्याला 66.27. फरक 0.43 चा. आता खांब वेगळे करून पाहू. जीवनाच्या दर्जात चेन्नई पहिली होती, शाश्वततेत पुणे. बंगळुरू पहिलं होतं ते आर्थिक क्षमतेत आणि तेही 78.82 गुण घेऊन; या खांबात दुसरी आलेली दिल्ली पन्नाशीच्या आसपास रेंगाळत होती. म्हणजे या एकाच खांबावर बंगळुरूनं इतर कुठल्याही मोठ्या शहराला किमान 28 गुणांनी मागं टाकलं. 15 टक्के भार लावला की त्याचे चारहून अधिक गुण होतात, आणि पुण्यावरची एकूण आघाडी तर अर्ध्या गुणाचीही नाही. याचा सरळ अर्थ असा की पैसा बाजूला ठेवला, तर उरलेल्या 85 टक्क्यांत पुणे बंगळुरूच्या चांगलंच पुढं होतं. आर्थिक क्षमतेला 15 ऐवजी 10 टक्के भार दिला असता आणि उरलेले पाच टक्के बाकीच्या खांबांत त्यांच्या प्रमाणात वाटले असते, तरी पहिला क्रमांक पुण्याचा झाला असता.

पुणेकरांना हे गणित आवडेल; पण त्यांनी फार खूश होऊ नये. 2018 च्या यादीत आर्थिक बाबींना अवघे पाच टक्के होते आणि भौतिक सुविधांना तब्बल 45, तेव्हा त्याच मापानं पुणे पहिलं आलं होतं. कुठला भार बरोबर, याला शास्त्रीय उत्तर नाही. नोकरीच्या शोधात आलेला पदवीधर एक भार देईल, दोन लहान मुलांची आई दुसरा.

लोकांना विचारून मोजण्याची कल्पना भारतात रुजली तीही बंगळुरूतच. सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकारानं 1994 मध्ये या शहरात ‘पब्लिक अफेअर्स सेंटर’ उभं राहिलं आणि त्यांनी नागरिकांकडून वीज मंडळ, पाणीपुरवठा, विकास प्राधिकरण, महापालिका अशा खात्यांचं प्रगतिपुस्तकच भरून घेतलं. पहिला निकाल लाजिरवाणा होता. 1999 ला पुन्हा विचारलं, 2003 ला पुन्हा. तिसऱ्या फेरीपर्यंत बऱ्याच खात्यांचे गुण ठळकपणे वाढले होते. इथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे: या पाहणीनं बंगळुरूची तुलना इतर कुठल्या शहराशी करून क्रमांक लावला नव्हता. कालच्या बंगळुरूशी आजच्या बंगळुरूची आणि एका खात्याशी दुसऱ्या खात्याची तुलना केली होती. खात्याच्या प्रमुखाला त्यामुळे ‘आमचं शहर मोठं आहे, आमच्या अडचणी वेगळ्या’ असं म्हणायला जागा उरली नाही.

आता शहरातून राज्याकडे. स्पर्धाक्षमता मोजणाऱ्या याद्यांत कर्नाटक नेहमीच वर असतं. नीती आयोगानं ‘इन्स्टिट्यूट फॉर कॉम्पिटिटिव्हनेस’ या संस्थेच्या साहाय्यानं 2019, 2021 आणि 2022 मध्ये नवोन्मेष निर्देशांकाच्या तीन आवृत्त्या काढल्या. मोठ्या राज्यांत तिन्ही वेळा कर्नाटक पहिलं. पेटंट, संशोधनसंस्था, नवउद्योगांत येणारं भांडवल, ज्ञानाधारित नोकऱ्या हे त्यातले निकष पाहिले की यात आश्चर्य वाटत नाही. 1909 साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था, 1940 चा हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना, इस्रोचं मुख्यालय, 1985 मध्ये आलेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स: शंभर वर्षांची ही साखळी एकाच शहरात आहे. मोजलं जातं ते कर्नाटक, दिसतं ते बंगळुरू.

शाश्वत विकासाची यादी वेगळी. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंत गाठायची 17 उद्दिष्टं ठरवली आणि 2018 पासून नीती आयोग त्यावर राज्यांना गुण देतो. प्रत्येक निकषावर 2030 चं लक्ष्य म्हणजे 100, सर्वांत वाईट राज्य म्हणजे 0, आणि आपण मधे कुठे ते पाहायचं. मग प्रत्येक उद्दिष्टाची सरासरी आणि सगळ्या उद्दिष्टांची समान भारानं एकत्रित सरासरी. पहिल्या यादीत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांनाही 64 गुण होते. जुलै 2024 मध्ये आलेल्या चौथ्या यादीत कर्नाटक 75 वर आणि महाराष्ट्र 73 वर होता. केरळ आणि उत्तराखंड 79 गुणांसह वर, बिहार 57 सह तळाला. सगळ्या देशाचा गुणांक 57 वरून 71 वर गेला.

ही वाढ खरी आहे. पण ती जशीच्या तशी घेता येत नाही. 2018 मध्ये 62 निकष होते, दुसऱ्या वर्षी 100, तिसऱ्यांदा 115, चौथ्यांदा 113. पट्टी दर वेळी थोडी बदललेली असताना उंची किती वाढली हे सांगणं अवघड असतं. शिवाय साध्या सरासरीचा एक जुना दोष आहे. गणितात नापास झालेल्या मुलाला चित्रकलेत 98 मिळाले तर एकूण टक्केवारी छान दिसते. तसंच, ज्या राज्यात वीज घरोघरी पोचली आहे पण भूजल आटत चाललं आहे, त्या राज्यात पहिली गोष्ट दुसरीला झाकून टाकते. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकालाही 1990 पासून हाच आक्षेप होता. 2010 मध्ये त्यांनी साधी सरासरी सोडून भूमितीय सरासरी घेतली, ज्यात एका बाजूची घसरण दुसऱ्या बाजूच्या भरारीनं पूर्ण भरून निघत नाही. आपल्या बहुतेक याद्या अजून बेरजेवरच चालतात.

याहून मोठा प्रश्न मोजणीच्या पातळीचा आहे. कर्नाटकाच्या एकूण उत्पन्नात एकट्या बंगळुरू शहर जिल्ह्याचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. 2011 च्या जनगणनेनुसार राज्याच्या 6.11 कोटी लोकांपैकी या जिल्ह्यात राहतात 96 लाख, म्हणजे सहातला एक. दरडोई उत्पन्नात सर्वांत खाली असलेल्या कलबुर्गी जिल्ह्याच्या तुलनेत बंगळुरूचा आकडा जवळपास पाचपट भरतो. अशा राज्याची ‘सरासरी’ काढली की ती ना बंगळुरूच्या माणसाची असते, ना कलबुर्गीच्या.

ही गोष्ट आकड्यांत पकडण्याचं काम एका माणसानं पंचवीस वर्षांपूर्वी केलं. अर्थतज्ज्ञ डी. एम. नंजुंडप्पा यांच्या अध्यक्षतेखाली 2000 मध्ये एस. एम. कृष्णा सरकारनं प्रादेशिक असमतोल शोधण्यासाठी उच्चाधिकार समिती नेमली. जून 2002 मध्ये तिचा अहवाल आला. समितीनं जिल्ह्यावर थांबायचं नाकारलं आणि थेट तालुका धरला. त्या वेळचे 175 तालुके, शेती, उद्योग, रस्ते, बँका, शिक्षण, आरोग्य अशा 35 निकषांवर तपासले. राज्याची सरासरी म्हणजे 1. एक किंवा वर असेल तो तालुका तुलनेनं विकसित, त्याखाली 0.89 पर्यंत मागास, 0.80 पर्यंत अधिक मागास आणि त्याहून खाली अतिमागास.

निकाल असा: 175 पैकी 61 तालुके सरासरीला पोचले, 114 खाली राहिले. त्यात 35 मागास, 40 अधिक मागास, 39 अतिमागास. जवळजवळ दोन तृतीयांश तालुके सरासरीच्या खाली असणं हे विचित्र वाटेल. पण काही थोडे तालुके खूप वर असले की सरासरी त्यांच्याकडे ओढली जाते आणि बाकीचे सगळे खाली दिसतात. महानगर असलेल्या प्रत्येक राज्यात हेच होणार.

39 अतिमागास तालुक्यांपैकी 21 एकट्या गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) विभागातले होते. मराठी वाचकाला यातली बरीच नावं परकी वाटणार नाहीत. बीदर जिल्ह्यातले औराद, भालकी, बसवकल्याण आणि हुमनाबाद हे चारही तालुके या यादीत आहेत. लातूर-उदगीरच्या बाजारात ज्यांची ये-जा असते, ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते, असा हा पट्टा. आळंद, अफझलपूर हे सोलापूरच्या अंगाचे तालुकेही त्यात. सीमेच्या अलीकडचा मराठवाडा आणि पलीकडचा हा भाग दोघेही निजामाच्या राज्यात होते. 1956 मध्ये राज्यं वेगळी झाली, मागासपणाचा वारसा मात्र सामाईक राहिला.

यादीतलं आणखी एक नाव थांबून पाहण्यासारखं आहे: संडूर. घोरपडे घराण्याचं हे छोटं मराठा संस्थान बळ्ळारीच्या डोंगरांत होतं. तिथल्या लोहखनिजाचा दर्जा देशात नावाजलेला. दोणिमलैची सरकारी खाण 1970 च्या दशकापासून चालू आहे. म्हणजे उत्पादनाच्या कुठल्याही मोजमापात संडूर श्रीमंत निघायला हवं. नंजुंडप्पांच्या 35 निकषांनी त्याला अतिमागासांत बसवलं. पुढे 2000 नंतरच्या दशकात चीनची मागणी वाढली, खनिजाचे ट्रक रात्रंदिवस बंदरांकडे धावू लागले, राज्याच्या उत्पन्नाचे आकडे फुगले. जुलै 2011 मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांचा बेकायदा खाणकामावरचा अहवाल आला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बळ्ळारीतलं खाणकाम थांबवलं. डोंगर पोखरला जात असताना तो आकड्यांत उत्पन्न म्हणून जमा होत होता. गेलेला डोंगर, लाल धुळीखालची शेतं आणि बुजलेले नाले कुठल्याच रकान्यात वजा होत नव्हते. स्पर्धाक्षमता आणि शाश्वतता दोन वेगळ्या याद्यांत मोजण्याचा खरा तोटा संडूरला कळतो.

आणि मागासपणा फक्त उत्तरेला होता असंही नाही. बंगळुरूपासून जेमतेम 50-55 किलोमीटरवरचे मागडी आणि कनकपुरा हे तालुकेही 39 जणांत होते. महानगराच्या विकासाची झळाळी आपोआप बाहेर पसरत जाते, या समजुतीला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे. जिल्हा पातळीवर मोजलं असतं तर हे तालुके तेव्हाच्या बंगळुरू ग्रामीण जिल्ह्याच्या आकड्यात गडप झाले असते.

या अहवालाची दुसरी विशेषता म्हणजे तो गुणपत्रिकेवर थांबला नाही. 114 तालुक्यांसाठी आठ वर्षांत 31,000 कोटी रुपयांची विशेष विकास योजना त्यानं सुचवली आणि जास्त मागास त्याला जास्त, असं वाटपाचं सूत्र निर्देशांकाशीच बांधलं. योजना प्रत्यक्षात सुरू व्हायला 2007-08 उजाडलं. 2013 पासून हैदराबाद-कर्नाटकाला, म्हणजे याच गुलबर्गा विभागाला, राज्यघटनेच्या कलम 371-जे खाली वेगळं विकास मंडळ, शिक्षणात आणि नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा मिळाल्या. 2019 मध्ये त्या भागाचं नाव कल्याण-कर्नाटक झालं. निधी वाढला, पण मंजूर झालेला पैसा आणि खर्च झालेला पैसा यांतलं अंतर हे बंगळुरूच्या विधानसौधात आणि बेळगावच्या सुवर्णसौधात दर अधिवेशनाचं भांडण होऊन बसलं आहे.

महाराष्ट्राला हे सगळं ओळखीचं वाटेल. वि. म. दांडेकर समितीनं 1984 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राचा ‘अनुशेष’ काढला तो 3,186 कोटी रुपयांचा. फरक पद्धतीचा आहे. दांडेकरांनी सिंचन, रस्ते, शाळा, पंपांना वीज अशा एकेका क्षेत्रात राज्याच्या सरासरीपेक्षा किती उणीव आहे ते पाहिलं आणि ती भरून काढायला किती रुपये लागतील ते मांडलं. नंजुंडप्पांनी तालुक्याची एकूण स्थिती एका आकड्यात आणली. रुपयांच्या हिशेबाचा फायदा असा की मंत्र्याला ‘किती देणं लागतो’ हे नेमकं विचारता येतं. तोटा असा की कालवा बांधला की अनुशेष भरला असं कागदावर होतं, मग त्यात पाणी येवो न येवो. निर्देशांकात साक्षरता, आरोग्य हे परिणामही दिसतात, पण कुणाकडे किती थकलं आहे ते स्पष्ट होत नाही. या दोघांपैकी एक निवडायचंच तर दांडेकरांची पद्धत राजकारणाला जास्त कामाची आणि नंजुंडप्पांची नियोजनाला. 2013 च्या विजय केळकर समितीनं दोन्हींच्या मधली वाट धरण्याचा प्रयत्न केला. तिच्या अहवालाचं पुढं फार काही झालं नाही.

बंगळुरूचा आणखी एक हिशेब कुठल्याच यादीत बसत नाही. तो पाण्याचा. शहराचं नळाचं पाणी मंड्या जिल्ह्यातल्या तोरेकाडनहळ्ळी भागातून, सुमारे 100 किलोमीटरवरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून आणलं जातं. कावेरीचा पहिला टप्पा 1974 चा. पाचवा 16 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाला, दिवसाला 775 दशलक्ष लिटरचा, 2007 मध्ये शहरात घेतलेल्या 110 गावांसाठी. मधल्या सतरा वर्षांत या गावांचे टेक पार्क आणि गृहसंकुलं झाली आणि ती बोअरवेल व टँकरवर जगली. 2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे 14,000 सरकारी बोअरवेलपैकी निम्म्याच्या आसपास कोरड्या पडल्याचं खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं. ज्या उपनगरांत पाणी नव्हतं तीच राज्याला नवोन्मेषात पहिला क्रमांक मिळवून देणारी उपनगरं होती.

वापरलेलं पाणीही शहराच्या हद्दीत थांबत नाही. 2018 पासून कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं सांडपाणी प्रक्रिया करून कोलार जिल्ह्याकडे पाठवलं जातं. दिवसाला 440 दशलक्ष लिटर ही योजनेची क्षमता आणि शंभराहून अधिक तलाव भरण्याचा बेत. कायम दुष्काळी कोलारमध्ये विहिरींना पाणी आलं, शेतकऱ्यांनी पिकं घेतली. त्याच वेळी या पाण्यावर फक्त दुय्यम पातळीची प्रक्रिया होते, भूजल दूषित होईल, म्हणून लोक न्यायालयातही गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता बंगळुरूच्या शाश्वततेचे गुण कसे द्यायचे? पाणी मंड्यातून येतं, सांडपाणी कोलारला जातं. शहराच्या हद्दीत मोजलं तर दोन्ही बाजू अर्ध्याच दिसतात.

बाहेरच्या जगानंही याच्याशी झटापट केली आहे. युरोपीय आयोग 2010 पासून प्रदेशांच्या स्पर्धाक्षमतेचा निर्देशांक काढतो. 2022 च्या आवृत्तीत 234 प्रदेश होते आणि नेदरलँड्समधलं युट्रेख्ट पहिलं आलं. त्यांची एक रीत आपल्याकडे घेण्यासारखी आहे. सगळ्या प्रदेशांना ते एकाच भारानं तोलत नाहीत. कमी विकसित प्रदेशात रस्ते, आरोग्य, प्राथमिक शिक्षण यांना जास्त भार असतो, पुढारलेल्या प्रदेशात नवोन्मेषाला. कल्याण-कर्नाटकातल्या यादगीरला पेटंटांवर मोजण्यात अर्थ नाही आणि बंगळुरूला प्राथमिक शाळेच्या पटनोंदणीवर पैकीच्या पैकी देण्यातही नाही.

गुणांच्या हव्यासाचं टोकही जगानं पाहिलं. जागतिक बँकेची ‘डूइंग बिझनेस’ ही यादी इतकी प्रतिष्ठेची झाली होती की देश आपले कायदे बदलायचे ते तिच्यातला क्रमांक सुधारण्यासाठी. 2018 आणि 2020 च्या आवृत्त्यांतले काही देशांचे आकडे फिरवले गेल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर 2021 मध्ये बँकेनं ती यादीच बंद केली.

त्या मानानं भारतातला 2018 चा आकांक्षित जिल्हे कार्यक्रम जास्त शहाणा म्हणायला हवा. 112 मागास जिल्हे निवडले गेले. कर्नाटकातले रायचूर आणि यादगीर, महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद त्यात आहेत. 49 निकषांवर त्यांची क्रमवारी लागते ती कोण किती पुढे आहे यावर नव्हे, तर मागच्या महिन्यापेक्षा कोण किती सुधारला यावर. तळाच्या जिल्ह्याला पहिलं येता येईल अशी ही सरकारी यादी. दोष एकच: आकडे बऱ्याच अंशी जिल्हा प्रशासनच भरतं, आणि आपली गुणपत्रिका आपणच लिहायची म्हटलं की काय होतं ते सांगायला नको.

कर्नाटक सरकारनं ‘बियाँड बंगळुरू’ या नावाखाली मैसूर, मंगळूर आणि हुबळी-धारवाड-बेळगाव या पट्ट्यांकडे उद्योग वळवायचं ठरवलं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानांचे भाग बनवणारा औद्योगिक परिसर त्याआधीपासून उभा आहे. हे प्रयत्न यशस्वी झाले की नाही, हे राज्याच्या एकूण गुणांकातून कधीच कळणार नाही. त्यासाठी पुन्हा तालुक्यातच उतरावं लागेल. 2024 मध्ये सरकारनं अर्थतज्ज्ञ एम. गोविंद राव यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमली ती याच कामासाठी. नंजुंडप्पांच्या वेळचे 175 तालुके आता फुटून 230 च्या वर गेले आहेत, बळ्ळारीतून विजयनगर हा नवा जिल्हा निघाला आहे, बंगळुरूची एक महापालिका जाऊन सप्टेंबर 2025 मध्ये पाच झाल्या आहेत. जुन्या याद्यांशी नव्यांची तुलना करायची तर आधी नकाशेच जुळवावे लागतील.

त्याहून मोठी अडचण लोकसंख्येची आहे. दरडोई उत्पन्न, दर हजारी डॉक्टर, दर लाखामागे शाळा अशा प्रत्येक आकड्याच्या छेदस्थानी लोकसंख्या असते, आणि तालुकावार मोजलेली शेवटची लोकसंख्या 2011 ची आहे. त्यानंतर बंगळुरूच्या कडेला किती लोक आले आणि यादगीर-कलबुर्गीतून किती निघून गेले, याचे फक्त अंदाज आहेत. तेव्हा पुढची क्रमवारी वर्तमानपत्रात दिसली की वाचकानं आधी तीन गोष्टी पाहाव्यात: भार कुणी ठरवले, मोजणी राज्याची आहे की तालुक्याची, आणि भागाकार कुठल्या वर्षाच्या लोकसंख्येनं केला आहे. नवी जनगणना 1 मार्च 2027 ही तारीख धरून होणार आहे. तिचे तालुकावार आकडे हाती येईपर्यंत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 2011, किंवा त्यावरून बांधलेला अंदाज, हेच असेल.